चित्र देऊन खरंच जेवण मिळायचं का?

चित्रकलेवर कुठेही बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न येतोच. "सर, फ्रान्समध्ये एक हॉटेल आहे म्हणे, तिथे पिकासो चित्र देऊन जेवायचा. खरं का?" आज तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

हॉटेल खरं आहे. दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराजवळच्या डोंगरावर सां-पोल-द-व्हांस नावाचं तटबंदीचं गाव आहे. त्याच्या वेशीशीच 'ला कोलोंब दॉर', म्हणजे सोनेरी कबुतर. पोल रू या शेतकऱ्याच्या मुलाने १९२० मध्ये तिथे आधी एक साधं कॅफे काढलं. बाहेर गच्चीवर टेबलं, सुट्टीच्या दिवशी नाच. पुढे राहायच्या तीन खोल्या झाल्या आणि नाव बदलून 'ला कोलोंब दॉर' झालं. दारावरच्या पाटीचा आशय असा : इथे पायी येणाऱ्याची, घोड्यावरून येणाऱ्याची आणि चित्र घेऊन येणाऱ्याचीही सोय होते. स्वयंपाकघर आणि पाहुणे यांचा भार पोलइतकाच त्याची बायको बाप्तिस्तीन हिनेही उचलला. तिचं नाव मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं.

सुरुवातीला हातात पैसे नसलेल्या चित्रकारांकडून पोलने चित्रं घेतली, हे खरंच. पण तसं करणारा तो एकटा नव्हता. पॅरिसच्या मोन्पार्नास भागात रोझाली नावाची इटालियन बाई छोटीशी खानावळ चालवायची. आधी ती स्वतः चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसलेली. मोदिल्यानी या इटालियन चित्रकाराला तिने कितीदा तरी जेवू घातलं. त्याने दिलेली रेखाटनं मात्र तळघरात पडून राहिली आणि उंदरांनी कुरतडली, असं सांगतात. तिला दोष देववत नाही. त्या काळात मोदिल्यानीच्या कागदाला विचारत कोण होतं?

पोलने चित्रं जेवणघराच्या भिंतीवर लावली. चित्रकारांबरोबर बसून, बोलून त्याची नजर तयार झाली, स्वतःही त्याने ब्रश हातात घेतला. आणि इथे तुमच्या प्रश्नातला पिकासो येतो. तो या भागात राहायला आला तेव्हा चांगलाच श्रीमंत होता. जेवणाचे पैसे चुकवायला त्याला चित्र काढायची गरजच नव्हती. मातीस, ब्राक, लेजे या चित्रकारांचंही तेच. त्यांची चित्रं या घरात आली ती मैत्रीपोटी. 'चित्र देऊन जेवण' ही गोष्ट ऐकायला गोड आहे, मीही ती बरीच वर्षं तशीच सांगत होतो. पण त्यात पोल हिशेबी व्यापारी ठरतो आणि चित्रकार फाटके. दोघांवरही तो अन्याय आहे.

१९६० मध्ये इथली बरीच चित्रं चोरीला गेली. पुढे ती सापडली आणि घरी परत आली. एवढं झाल्यावर कुणीही ती बँकेच्या तिजोरीत ठेवली असती. रू कुटुंबाने ती पुन्हा जेवणाऱ्यांच्या डोक्यावर टांगली. हॉटेल आजही त्याच घराण्याकडे आहे. पोहण्याच्या तलावाशी कॅल्डर या शिल्पकाराचं 'मोबाइल', म्हणजे हलत्या भागांचं शिल्प, वाऱ्यावर हलतं. गच्चीच्या भिंतीवर लेजेचं मोठं रंगीत सिरॅमिक आहे, उन्हापावसात उघडं, आणि त्याच्या पुढ्यातच जेवणाची टेबलं मांडलेली असतात.