भर दुपारी उडणारा पतंग

पतंग म्हटलं की आपल्याला रात्र आणि ट्यूबलाइटच आठवते, पण युरोपातल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात आग्लिया टाऊ नावाचा एक पतंग आहे, त्याचे नर चक्क भर उन्हात उडतात. आणि कसले उडतात, नुसते सैरावैरा, वाकडेतिकडे, फोटो काढायचा विचारच सोडा! बीचला कोवळी पालवी फुटते ना, एप्रिल-मे, तो त्यांचा सीझन.

नर केशरी-तपकिरी, मादी मोठी आणि फिकट पिवळसर. चारही पंखांवर एकेक काळा-निळा डोळा, त्यात मधोमध पांढरी खूण, ग्रीक टाऊ (T) अक्षरासारखी, म्हणून स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये हे नाव ठेवलं. पण पंख पाठीवर उभे मिटून बसला की सगळा थाट गायब, समोर फक्त एक वाळकं पान. मला तर त्या डोळ्यांपेक्षा हीच बाजू जास्त आवडते.

नर एवढे धावतात ते मादीसाठी. ती बुंध्याजवळ खाली बसून गंध सोडते आणि हे पिसांसारख्या मिशांनी तो हुंगत येतात. नंतर संध्याकाळी ती उडते, अंडी घालायला. दोघंही काहीच खात नाहीत, सुरवंट असताना जे साठवलं त्यावरच काय ते थोडे दिवस.

सुरवंट तर भारीच! लहानपणी हिरव्या अंगावर पाच लांब लालसर काटे, अगदी चित्रविचित्र, आणि शेवटची कात टाकली की सगळे काटे गळून गुळगुळीत हिरवा गडी, अंगावर पानाच्या शिरांसारख्या तिरप्या फिकट रेघा. बीच, ओक, बर्च, काहीही खातो.

आपल्या विदर्भातलं टसर रेशीम देणारा पतंग याच घराण्यातला बरं का, फक्त तो ऐन-अर्जुनाच्या झाडावर टणक कोसा बांधतो आणि हा जमिनीवर पालापाचोळ्यात विरळ जाळी विणून आत कोष करतो. अख्खा हिवाळा तिथेच, बर्फाखाली. म्हणून जंगलातला पाचोळा कुणी साफ करायला लागलं की मला खरंच त्रास होतो, आपल्याला तो कचरा दिसतो पण पुढच्या वसंतातले सगळे पतंग त्यातच असतात.

जर्मनीत राहणाऱ्यांनी हायनिख नाहीतर केलरवाल्डच्या बीच जंगलात एप्रिलअखेर ऊन बघून जा, नरांच्या मागे पळू नका, बुंध्यांच्या खालच्या बाजूला मादी शोधा, ती हलत नाही, निवांत बघता येते.