आमची वाटचाल: फोमच्या लाटेत रॉकवूल

खोलीतला घुमणारा आवाज शोषणारी पॅनेलं आम्ही बनवतो, रॉकवूलची, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लोकरीची. स्टुडिओ तासावर भाड्याने देणं हा मात्र आमचा मूळ धंदा. जिंगल, भावगीतं, शाळांची समूहगीतं. जागेचं भाडं वेळेवर जायचं, एवढंच त्या वर्षांबद्दल सांगता येईल. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि कुलूप लागलं. दोन प्रीअँप (माईकचा क्षीण आवाज वाढवणारी यंत्रं) विकून जागा टिकवली, धंदा मात्र टिकतोय असं दिसत नव्हतं. त्याच काळात वादक घरी रेकॉर्डिंग करू लागले आणि अकूस्टिक गिटारच्या फाइली आमच्याकडे दुरुस्तीला येऊ लागल्या.

तक्रार सगळ्यांची एकच: माईक चांगला घेतला, तरी गिटार ढोलासारखी घुमते.

माईकचा त्यात काही दोष नसतो. आपल्याकडची खोली दहा बाय दहा. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला अनुनाद, म्हणजे खोली स्वतःच घुमवते तो सूर, 56 हर्ट्झच्या (सेकंदाला 56 कंपनांच्या) आसपास येतो, दुसरा 112 च्या. गिटारची मोकळी ए तार आहे 110 हर्ट्झची. लांबी-रुंदी सारखी असल्याने तोच आकडा दोनदा लागतो. छतही दहा फुटांवर असेल तर तीनदा. त्यात गिटारच्या पोकळीचा स्वतःचा अनुनाद साधारण 100 हर्ट्झला. हा दुसरा अनुनाद भिंतीलगत आणि खोलीच्या मधोमध सर्वांत जोरात असतो, आणि वादक नेमका मधोमध बसतो, पंख्याखाली. खुर्ची दीड-दोन फूट सरकवली की निम्मी तक्रार मिटते. याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत.

आमच्याच रस्त्यावरच्या एकाने तेव्हा ‘होम स्टुडिओ किट’ काढलं. कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा), एक इंची फोमचे चौकोन आणि चिकटवायला गोंद. एक इंची फोम वरचे सूर शोषतो; 100 हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब, तिला तो अडवणार कसा? परिणाम असा की तारांची चकाकी जाते आणि घुमणं तसंच राहतं. मग लोक ट्रेबल चढवतात आणि तारांबरोबर प्रीअँपची सरसरही वर येते. पावसाळ्यात भिंतीचा रंग घेऊन फोम खाली येतो, ते वेगळंच. तरी गिऱ्हाईक तिकडे गेलं. स्वस्त होतं, आणि फोटोत ‘स्टुडिओ’ दिसायचं. आम्हाला मात्र ‘गोणपाटवाले’ हे नाव पडलं. ते कुणी पाडलं हे आम्हाला माहीत आहे.

तर गोणपाटाबद्दल. आमचं पॅनेल दोन बाय चार फुटांचं. पाइनच्या पट्ट्यांची चौकट, आत घनमीटरला 48 किलो घनतेचं रॉकवूल, 50 मिलिमीटरचे दोन थर. त्यावर तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून नॉनवोव्हन कापड, आणि सर्वांत वर ज्यूट. कापडाला तोंड लावून फुंकर मारली तर आरपार गेली पाहिजे. रेक्झिनवरून वरचे सूर परत फिरतात. आमचे सुतारमामा रॉकवूल पाव कापायच्या दातेरी सुरीने कापतात, कारण करवतीने कडा फाटतात. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क लागतोच, नाहीतर रात्रभर खाज. पॅनेल भिंतीला चिकटवायचं नाही, मागे दहा सेंटिमीटर फट ठेवायची. त्या फटीमुळे खालचे सूर जास्त शोषले जातात. पहिली दोन पॅनेलं कोपऱ्यांत तिरकी उभी करा.

त्या वाईट वर्षात मडगावचे एक गिटारशिक्षक आमच्या पाठीशी राहिले. स्वतःच्या क्लाससाठी पॅनेलं घेतली, शिष्यांनाही पाठवलं. तारांच्या बाबतीत माणूस कडक: फॉस्फर ब्राँझच्या तारा, 12-53 चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवून ताणून ठेवलेला. त्याच दिवशी चढवल्या तर दर टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक खेपेला, सूर उतरतो. गोव्याच्या पावसात गिटारची वरची फळी फुगते, तारा उंच होतात आणि बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे सूर चढा लागतो. म्हणून ते केसमध्ये सिलिका जेल ठेवून आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत राखतात.

विषय निघालाच आहे तर माईकही सांगून टाकतो. छोट्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, बाराव्या फ्रेटसमोर, 25 ते 30 सेंटिमीटरवर, किंचित बॉडीकडे वळवलेला. साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या गोल भोकासमोर, लावू नका: पोकळीतली हवा तिथूनच धडका मारते, आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक जवळ नेला की खालचे सूर आपोआप वाढतात. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रिजही बंद. 24 बिटला (रेकॉर्डिंगची बारकाई) सर्वांत जोराचा स्ट्रोक उणे 10 डीबीपर्यंत, म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेच्या 10 डीबी खाली, गेला तरी पुष्कळ. खालची ई तार 82 हर्ट्झची, म्हणून हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) 70 च्या वर नेताना कान उघडे ठेवा. घुमणं उरलंच तर 200 हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी कमी करा, जास्त नको. गिटार पोकळ होते. दोन माईक लावले असतील तर मोनो करून, म्हणजे दोन्ही एकत्र मिसळून, ऐका. आवाज बारीक झाला तर फेज भांडतेय, म्हणजे दोन्ही माईकांच्या लहरी एकमेकींना खोडताहेत; एक माईक थोडा सरकवा.

अलीकडे त्या किटवाल्यानेही रॉकवूल सुरू केलंय. 25 मिलिमीटरचं, थेट भिंतीला चिकटवून. चौकशीला जाल तेव्हा जाडी विचारा, आणि मागे फट किती तेही.