सोफियातली बान्या बाशी मशीद आणि 'आताका'

शुक्रवारी दुपारी बान्या बाशी मशिदीचं आवार भरून जातं आणि उरलेली माणसं बाहेर फुटपाथवर चटया अंथरतात. बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, नमाज चालू असलेली ही एकच मशीद. सोळाव्या शतकातली, १५६६ च्या सुमारास बांधलेली, एक मोठा घुमट आणि एक मिनार. ऑटोमन काळात या शहरात मशिदींची कमतरता नव्हती. त्यांतल्या एका मोठ्या मशिदीत आज पुरातत्त्व संग्रहालय आहे, दुसरीचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च झालं. त्यामुळे सगळा भार हिच्यावर. मागच्या बाजूला गरम पाण्याच्या झऱ्यांचे नळ आहेत, तिथे आजीआजोबा कॅन भरून नेत असतात. समोरून ट्राम जाते. मी नळांपाशी उभी राहून नमाज संपेपर्यंत बघत होते. कुणाचीही वाट अडत नव्हती, हे मी आवर्जून लिहून ठेवते, कारण त्या फुटपाथवरूनच इथे एवढं रामायण घडलं.

२० मे २०११, असाच शुक्रवार. 'आताका' या कडव्या राष्ट्रवादी पक्षाचे कार्यकर्ते मशिदीच्या भोंग्यांविरुद्ध निदर्शनं करायला ऐन नमाजाच्या वेळी इथे आले. सोबत पक्षाचे नेते व्होलेन सिदेरोव स्वतः होते. घोषणा झाल्या, अंडी आणि दगड फेकले गेले, मारामारी झाली, नमाजाच्या चटया पेटवल्या गेल्या. नमाजी जखमी झाले, पोलीस जखमी झाले, आताकाच्या एक महिला खासदारही जखमी झाल्या. आठवड्याभरात बल्गेरियाच्या संसदेनं या प्रकाराचा निषेध करणारा ठराव केला.

भोंग्यांचं राजकारण आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रात २०२२ मध्ये आपण ते जवळून पाहिलं. म्हणून असेल, पण सगळं वाचताना मला परकं असं काही वाटलंच नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली होती.

हा पक्ष टीव्हीच्या पडद्यातून जन्मला. सिदेरोव हे मूळचे पत्रकार. 'स्कात' नावाच्या खाजगी वाहिनीवर 'आताका', म्हणजे हल्ला, याच नावाचा त्यांचा कार्यक्रम चालायचा. २००५ च्या एप्रिलमध्ये पक्ष काढला आणि जूनमधल्या निवडणुकीत ८ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन २४० पैकी २१ जागा मिळवल्या. दोन महिन्यांत! पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सिदेरोव थेट दुसऱ्या फेरीत पोचले आणि तिथे त्यांना जवळपास चौथा हिस्सा मतं पडली. ते हरले, पण देशाला धक्का बसायचा तो बसला. नव्वदच्या दशकात कारखाने बंद पडले होते, बँका बुडाल्या होत्या, पेन्शनीत भागत नव्हतं, तरुण पोरं देश सोडून जात होती. लोकांचा राग खरा होता, हे मी अमान्य करणार नाही. पण त्या रागाला दाखवलेली माणसं कोण, तर तुर्की बोलणारे मुसलमान, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात ते) आणि ज्यू. ज्यांच्या हातात ना कारखाने होते ना बँका. सरकारी टीव्हीवर तुर्की भाषेत काही मिनिटांच्या बातम्या लागतात, त्यासुद्धा या पक्षाला बंद करायच्या होत्या.

सोफियात मला शहर दाखवणारी मुलगी दक्षिण बल्गेरियातल्या कर्जालीची, विद्यापीठात शिकणारी, घरात तुर्की बोलणारी. तिनं सांगितलं ते मी कितीतरी वेळ ऐकत राहिले. १९८४-८५ च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट राजवटीनं देशातल्या लाखो तुर्कांची नावं सक्तीनं बदलली. गावाला सैन्यानं वेढा घालायचा आणि ओळखपत्रावर नवं, बल्गेरियन वळणाचं नाव चढवायचं. तिच्या आजीचंही बदललं. आजोबांना लग्नानंतर जन्मभर ज्या नावानं हाक मारली, ती हाक घराबाहेर मारायची चोरी झाली. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त माणसं सामान गाड्यांवर लादून तुर्कस्तानात गेली. आजी त्यांत होती. राजवट कोसळल्यावर ती परतली, तशी पुष्कळजण परतली आणि नावंही परत मिळाली. या सक्तीचा निषेध करायला संसदेला जानेवारी २०१२ उजाडावा लागला. म्हणजे मशिदीसमोर चटया जळल्या तेव्हा तो निषेधसुद्धा झालेला नव्हता. आजीनं ती दृश्यं टीव्हीवर पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो ओळखपत्रांचा: परत बदलणार का?

मशिदीपासून सिनेगॉग चालत पाच मिनिटांवर आहे. १९०९ मध्ये सुरू झालेली ही देखणी वास्तू, आत प्रचंड झुंबर. १९४३ मध्ये बल्गेरियातल्या जवळपास ४८ हजार ज्यूंना नाझींच्या छावण्यांत पाठवायची तयारी झाली होती. संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव, सोफियाचे धर्मगुरू स्तेफान, प्लोवदिवचे धर्मगुरू किरिल आणि अनेक साधी माणसं आडवी उभी राहिली म्हणून ते वाचले. बल्गेरियन माणूस हे अभिमानानं सांगतो आणि त्यानं सांगावंच. पण त्याच वर्षी बल्गेरियाच्या ताब्यातल्या थ्रेस आणि मॅसिडोनियामधून ११ हजारांहून जास्त ज्यू धाडले गेले, हेही त्याच दमात सांगायला हवं. या इतिहासाच्या देशात सिदेरोव ज्यूंविरुद्ध उघड लिहीत-बोलत राहिले. दोन ज्यू नागरिक न्यायालयात गेले, देशातल्या न्यायालयांनी दाद दिली नाही. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. त्याच दिवशी रोमा नागरिकांच्या तक्रारीवरही तसाच निकाल लागला. मशिदीच्या प्रकरणात हेच न्यायालय २०१५ मध्ये बोललं होतं: निदर्शकांना निदर्शनाचा हक्क आहे तसा नमाजींना प्रार्थनेचा आहे, दोन्हींचा मेळ घालणं सरकारचं काम होतं, ते सरकारनं केलं नाही आणि नंतरचा तपासही धड केला नाही.

प्लोवदिवला गेले तेव्हा जुमाया मशिदीला लागून असलेल्या दुकानात कॉफी आणि बकलावा घेतला. भर बाजारपेठेत, खाली रोमन स्टेडियमचे अवशेष, वर मशीद. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी या मशिदीच्या काचा जमावानं दगडांनी फोडल्या. निमित्त कार्लोवोतल्या एका जुन्या मशिदीच्या मालकीच्या खटल्याचं. पोलिसांनी शंभराहून जास्त लोकांना धरलं. त्या जमावात फुटबॉलचे चाहते होते, राष्ट्रवादी गट होते. आताकाच्या सभेची आता गरजही उरली नव्हती.

मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. २०११ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सिदेरोवना चार टक्केही मतं पडली नाहीत, तेव्हा अनेकांना वाटलं, संपले. २०१३ मध्ये २३ जागा घेऊन पक्ष परत आला. २०१७ मध्ये इतर दोन पक्षांबरोबर आघाडी करून पंतप्रधान बोयको बोरिसोव यांच्या सरकारात जाऊन बसला. आज संसदेत आताका नाही, पण 'वझराझदाने' हा तसाच राष्ट्रवादी पक्ष आहे, २०२३ मध्ये १४ टक्के मतं आणि ३७ जागा घेतलेला. कर्जालीच्या त्या मुलीच्या वर्गातली मुलं त्याला मत देतात. मैत्रीत फरक पडला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, अजून नाही, पण आता घरी फोन करायचा असला की ती वर्गाबाहेर जाऊन तुर्की बोलते.