एवढ्याशा डोंगराला तीन लिटर पाणी कशाला?

सागरगडावर सोबत येणाऱ्या नव्या माणसाला मी आदल्या रात्री फोन करते आणि तीन लिटर पाणी घ्यायला सांगते. समोरून ठरलेलं उत्तर येतं, "अहो, १,३५० फुटांचा तर डोंगर, अलिबागच्या अंगणातला! एवढं काय त्यात?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

घाटावरच्या बऱ्याच गडांना पायथ्याचं गावच दोन हजार फुटांवर असतं. इथे खंडाळे गावातून चढ जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून सुरू होतो, सगळी उंची पायांनीच चढायची. त्यात दमट हवा. घाम निथळतो पण वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. (१६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हा होता. तेव्हा तरी कुणाला तो किरकोळ वाटला नसावा.)

एका मार्चमध्ये भाच्याला घेऊन गेले होते. सातला निघायचं ते नऊला निघालो, तिथेच चुकलं. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत पोरगा पळत होता. वरून कुलाबा किल्ला, खांदेरी-उंदेरी सगळं दिसलं. उतरताना दीडच्या सुमाराला तो बोलायचा थांबला. मग पोटऱ्यांत गोळे आले. पाणी पी म्हटलं, तर बाटलीचं झाकण त्याला उघडेना. बोटं झाकणावरून नुसती फिरत होती. ते बघून माझ्या पोटात धस्स झालं. सावलीत आडवा केला, ओली ओढणी मानेला, काखेत लावली, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. आमचं पाणी संपलं तेव्हा माचीवरच्या एका मावशींनी कळशी आणून दिली. दीड तासाने तो उठून बसला. गप्प झालेला माणूस दिसला की मी आता सगळ्यांना थांबवते, कितीही उशीर होवो.

आणि धोका फक्त उन्हाचा नाही. पावसाळ्यात शेवाळ्यावरून माणूस जपून चालतो. डिसेंबरनंतर उतारावर गवत वाळून आडवं होतं, खाली मुरूम. त्यावर बूटसुद्धा टिकत नाही. शिवाय ढोरवाटा. त्या मळलेल्या दिसतात म्हणून माणसं आत शिरतात आणि कड्याशी येऊन अडकतात. गुरांना गावात उतरायचं नसतं, चरायचं असतं. गवत संपलं की ती मागे वळतात. वाट अंगावर यायला लागली की आल्या पावली परत फिरायचं.

आणि दगडाला हात घालण्याआधी बघायचं. लाल विंचवाच्या नांगीने कोकणात पूर्वी किती माणसं गेली! महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ती वाचू लागली. फुरसं हा विषारी साप तर हातभरही नसतो, मातीच्या रंगाचा. चावला तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि थेट मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मिळतं. पण त्याआधी आख्खा डोंगर उतरायचा असतो.