दुसऱ्या अंकातली झोप

दुपारी जेवून जरा पाठ टेकली की नेमकी तेव्हाच गावातून जीप फिरते. टपावर भोंगा, आत घसा बसलेला एक माणूस. ‘‘रसिक मायबाप हो, आज रात्री ठीक दहा वाजता, आपल्याच गावच्या भव्य पटांगणात, तीन अंकी सामाजिक, कौटुंबिक, हृदयस्पर्शी नाट्यप्रयोग...’’ पुढे नाटकाचं नाव. त्यात कुंकू, बहीण, सासर किंवा पाप यांतलं एक तरी असणारच. मग मुंबई-पुण्याहून येणाऱ्या सिनेस्टारांची नावं आणि शेवटी ‘‘माता-भगिनींची बसण्याची स्वतंत्र व्यवस्था’’. झालं, झोपेचं खोबरं.

तक्रार करायला तोंड नाही म्हणा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, जन्मून लहानपणी पाहिलेल्या एकाही नाटकाचा दुसरा अंक मला ठाऊक नाही. पहिला पाहिलाय, तिसऱ्याचा शेवट पाहिलाय. मधला सगळा निजेत गेला.

आणि तशी सोयच होती ना! धान कापून झालेली बांधी. धसकटं तुडवून वर तणस पसरलेली, तणशीवर घरून आणलेलं बोथरं, अंगावर वाकळ. एका बाजूला मोठीमाय, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गावाहून मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, आलेले पाहुणे. भाऊबीज उलटली की मंडया सुरू, मग पट, म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा बैल धावणार आणि रात्री नट रडणार, हा आमचा हिवाळा. (२०१४ साली पटावर बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात उठली. तेवढी वर्षं बैल गोठ्यात राहिले, नट मात्र रडतच होते.) दहाची वेळ दिलेलं नाटक साडेअकराला नांदी म्हणायचं. तोवर पोंगे खाऊन, लाखोळीची भजी खाऊन पोट टम्म. पहिल्या अंकात भावाबहिणीचं प्रेम वगैरे जमून यायचं, विनोदी नट एकदा येऊन हसवून जायचा आणि माझी मान कलायची.

‘‘निजू नोको गा, आता राजा येते,’’ मोठीमाय कोपरानं ढोसायची. सामाजिक नाटकात राजा कुठला यायला! पण तिच्या लेखी खलनायक म्हणजे राजाच.

झोपेत नाटक बंद व्हायचं नाही, ही त्यातली गंमत. संवाद विरून जायचे, ऑर्गन तेवढा आत शिरायचा. मंचाच्या पुढ्यात, खालच्या अंगाला वादक बसतात. आमची जागा त्यांच्या अगदी मागे, कारण मोठीमायला लांबचं दिसत नसे. त्यामुळे मी नटांपेक्षा ऑर्गनवाल्याचे पायच जास्त पाहिलेत. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पायात भोक पडलेले मोजे, आणि ते दोन पाय आलटून पालटून भाता दाबताहेत. वर कुणाचं लग्न मोडो की कुणी विष घेवो, पायांची लय तीच. रेडिओनं १९४० ते १९७१ अशी तीसेक वर्षं पेटीला साथीला बसू दिलं नव्हतं म्हणे. आमच्या बांधीत तो हुकूम पोचला नसावा. आता कीबोर्ड आले, ऑक्टोपॅड आले, ढिशुम आवाज निघतात. निघोत. माझी झोप मात्र ऑर्गनवरच लागते.

रात्रभर नाटक हे काही आमचंच खूळ नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतलाचे चार अंक केले. पूर्ण नाटकात पदंच दोनशेच्या घरात. बालगंधर्वांच्या काळी तर वन्समोअर घेत घेत पहाट व्हायची. १९३२ साली मराठी बोलपट आला, कंपन्या एकेक करून बसल्या, आणि शहरातलं नाटक आटपशीर झालं. शेवटची लोकल गाठायची असते त्यांना! आमच्याकडे गणित उलटं. रात्री दोनला नाटक संपवून माणसांनी जायचं कुठे? बैलबंडीनं आलेला माणूस अंधारात जंगलातून परत निघणार? नाटकानं त्याला उजाडेपर्यंत सांभाळलंच पाहिजे. म्हणून तिसरा अंक संपताना पूर्वेला तांबडं फुटलेलं पाहिजे, अशी ती बांधणी. समीक्षकांना ती पसरट वाटते. त्यांनी एकदा बंडीनं यावं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आजही सीझनमध्ये नाटक कंपन्यांच्या बुकिंगची धांदल असते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. विनोदी भूमिका करणारा झाडीपट्टीतला नट, पाच हजारांवर प्रयोग. त्यांच्या पाच हजार दुसऱ्या अंकांत किती पोरं निजली असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ठेवायला हवा.

माझा दुसरा अंक दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचा. मोठीमाय अंगणात सडा टाकता टाकता सांगायची. मी पायरीवर, डोळ्यांत कुसळं गेल्यासारखी जळजळ.

‘‘मंग का झालं?’’

‘‘मंग का होते? भावानं घर सोडलन. ते पोरगी वाटेवर उभी राहून खूब रडली.’’

‘‘अन् मंग?’’

‘‘अन् मंग तू उठला.’’

सडा टाकायचा हात मध्येच थांबायचा, बहिणीच्या तोंडचं वाक्य ती बहिणीच्याच आवाजात म्हणायची. मंचावरच्या बाईपेक्षा बरं म्हणायची, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. तिच्या तोंडून ऐकलेल्या प्रत्येक दुसऱ्या अंकात भाऊ घर सोडून जायचा. नाटक सासू-सुनेचं असो की दारूबंदीचं, भाऊ निघालाच. तिसऱ्या अंकात हा भाऊ कधी दिसायचा नाही, कुणी त्याचं नावही काढायचं नाही. लेखकांचा ढिसाळपणा, दुसरं काय, असं मी कॉलेजात गेल्यावर मित्रांना ऐटीत सांगत असे.

मोठीमायला एक पाठचा भाऊ होता. नागपूरला गिरणीत लागतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. हे मला तिच्या दहाव्याला कळलं, नदीवर, न्हाव्याची वाट पाहत बसलो असताना.