पाच हजारांच्या आतली चोरी आणि फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन

नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नोकरी करणारी रजिस्टर्ड फार्मासिस्ट. सीताबर्डीतल्या एका मोठ्या दुकानातून दोन सिरम आणि एक परफ्यूम बिल न करता पर्समध्ये गेलं, दारावर पकडली गेली. वकील म्हणून केस माझ्याकडे आली तोवर तिच्या वडिलांनी सगळं ठरवून टाकलं होतं. "साहेब, पाच हजाराच्या आतली गोष्ट आहे न, कबूल करू, समाजसेवा करू अन् मोकळं होऊ."

त्यांना नेमकं तेच करू द्यायचं नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्याच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, सवलत आहे: मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्रही आहे. पण ही सेवा दोषी ठरवल्यानंतरच दिली जाते. तुरुंग टळतो, दोषसिद्धी टळत नाही. फार्मसी कायदा, १९४८ चं कलम ३६ नेमकं तेच पाहतं. कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरल्यामुळे हा माणूस रजिस्टरवर राहायला लायक नाही असं राज्य फार्मसी कौन्सिलच्या कार्यकारी समितीला वाटलं, तर म्हणणं ऐकून घेऊन नाव काढता येतं. किती रुपयांची चोरी, याला त्या कलमात जागाच नाही. आदेशाला राज्य कौन्सिलची मंजुरी लागते, मंजुरीनंतर तीन महिन्यांनी तो लागू होतो, आणि तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. एवढाच काय तो आधार.

एफआयआर पाहिला तर त्यात ३०३ नव्हतंच. कलम ३०५ लावलेलं. राहत्या घरातली किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी, सात वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. पाच हजारांची सवलत ३०५ ला नाही, आपसात मिटवायची सोयही नाही. दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत, हे पोलिसांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, त्यामुळे हे कलम आपोआप गळून पडेल अशा भ्रमात राहणं परवडणारं नव्हतं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहायची नोटीस देता येते. तशी नोटीस आली होती, ती तारीख पाळली, म्हणून अटक टळली.

दुसरा घोळ किमतीचा. पंचनाम्यात छापील किमतींची बेरीज ५,२४० रुपये. त्या दिवशी दुकानात त्याच मालावर वीस टक्के सूट होती, म्हणजे गिऱ्हाईकाला तो ४,१९२ ला मिळाला असता. त्याच तारखेचं, त्याच मालाचं बिल मिळवून दाखल केलं. असे कागद लगेच गोळा करावेत, दुकानाची सूट महिनाभराने कोणालाच आठवत नाही.

आरोप ठेवायच्या दिवशी आमचा मुद्दा एवढाच होता: ज्या जागेत गिऱ्हाईकाला आत बोलावून माल हातात घेऊ दिला जातो, तिथली ही चोरी ३०३ चीच. न्यायाधीशांनी तो मान्य केला. त्याबरोबर दार उघडलं, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे ३०३(२) चा गुन्हा मालाच्या मालकाला मिटवता येतो, आणि तसा मिटला की परिणाम निर्दोष सुटल्याचा. नुसता माल परत केला म्हणजे गुन्हा मिटला असं नव्हे.

तिथेही अडलंच. तडजोडीवर सही करायला दुकानाचा मॅनेजर आला, पण मालाची मालक कंपनी. अधिकारपत्र कुठे, असं कोर्टाने विचारलं आणि पुढची तारीख पडली. मुख्य कार्यालयाचं पत्र आल्यावरच अर्ज मंजूर झाला.

मालक तयार नसेल तर शिक्षा सुनावण्याआधी परिवीक्षा कायदा, १९५८ चा (दोषीला तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचा) अर्ज करावा. कलम ३ किंवा ४ खाली सोडलं तर कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. वकिलांसाठी तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४-अ मध्ये ही सूट स्पष्ट लिहिलेली आहे. मात्र कलम १२ ने दोष पुसला जात नाही, मूळ वर्तनाची चौकशी होऊ शकते. आणि ३०५ कायम राहिलं असतं तर उरला असता हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात संमतीने एफआयआर रद्द करून घ्यायचा, वेळखाऊ आणि महाग रस्ता.

हाच माल तिने स्वतःच्या मेडिकलमधून उचलला असता तर चित्रच वेगळं. नोकराने केलेली चोरी, कलम ३०६, सात वर्षं, आणि मिटवायला कोर्टाची परवानगी. शिवाय 'व्यवसायातलं निंद्य वर्तन' हे फार्मसी कायद्याच्या कलम ३६ मधलं वेगळं कारण आहे, त्याला कोर्टाची दोषसिद्धी लागतच नाही.

तडजोडीच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती तिला जास्तीच्या काढायला सांगितल्या, एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यायला. नाहीतर चारित्र्य पडताळणीत केस 'प्रलंबित' दिसत राहते. पुढे कुठल्याही अर्जात 'दोषी ठरला आहात का' याचं तिचं उत्तर 'नाही'. पण 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असं विचारलं असेल तर 'हो' लिहायचं आणि आदेशाची प्रत जोडायची. नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात हेच धरलं आहे: किरकोळ गुन्हा खरं सांगितलेल्याला माफ होऊ शकतो, लपवणं हा मात्र वेगळा दोष ठरतो.