डावीकडचं बाकडं

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीच्या लाँचमध्ये शिरताना एकच गोष्ट हेरायची: डावीकडचं बाकडं. जाताना ऊन उजव्या अंगावर येतं आणि बघण्यासारखं बरंचसं डावीकडे असतं. वरच्या डेकचे पैसे वेगळे पडतात, द्यावेत. येताना अर्थात उजवीकडे. हे न कळलेली मंडळी दोन्ही वेळा तासभर भाजून निघतात, आणि वर कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, गाठ्या चारतात.

भरतीचा हिशेब मात्र घरूनच करून निघावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण: दुपारी बाराच्या आसपास पाणी काठोकाठ, आणि संध्याकाळी परतेपर्यंत तेच चारेक मीटर खाली गेलेलं. गेटवेच्या शेवाळलेल्या पायऱ्या तेव्हा उघड्या पडतात. गुळगुळीत तळाच्या चपला तिथेच दगा देतात. बेटावरचा धक्का एवढा लांब का, तर काठाला गाळ. लाँच आत येऊच शकत नाही. म्हणून धक्क्यावरची ती झुकझुक गाडी.

डावीकडे आधी नौदलाची गोदी, मग क्रॉस आयलंड, मग जवाहर द्वीप, म्हणजे जुनं बुचर आयलंड. तिथे तेलाच्या टाक्या आहेत, उतरायला मनाई. 2017 साली तिथल्या डिझेलच्या टाकीवर आकाशातून वीज पडली. शेजारच्या घारापुरीत वीज आली ती 2018 साली, समुद्राखालच्या केबलमधून.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोही बेटावर नाही. 1814 साली त्याची मान पडली, 1864 साली तुकडे मुंबईला आले, 1914 साली ते जोडले. सध्या स्वारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभी आहे.

एक घर मात्र कुठल्याच बाकड्यावरून दिसत नाही. गार्सिया द ओर्ता या गोव्यातल्या पोर्तुगीज वैद्याने 1554 च्या सुमारास मुंबई बेट खंडाने घेतलं, तेव्हाचं. आपल्या इथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्याने लिहून ठेवलंय. फेब्रुवारी 1665 मध्ये मुंबई इंग्रजांच्या हवाली झाली तीही त्याच घरात. पुढे त्याच्याभोवती किल्ला उठला. आता ती जागा नौदलाच्या भिंतीआड आहे, आणि तळाचं नाव आयएनएस आंग्रे. कान्होजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला जन्मभर पिडलं आणि शेवटी तिच्या किल्ल्यावर नाव लागलं ते त्यांचंच!

सोमवारी लेणी बंद असतात. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.